सीटवरच्या फणसालाही बेल्ट का लागतो? दाबाच्या सेन्सरची सोपी ओळख

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून दहा-बारा किलोंचा फणस घेतला, मागे जागा नाही म्हणून चालकाशेजारच्या सीटवर ठेवला, की पणजीच्या वाटेवर गिरी गाव येईपर्यंत गाडी पीं-पीं करून डोके उठवते. बेल्ट लावा म्हणते. कोणाला, तर फणसाला. शेवटी माणूस वैतागून फणसाला बेल्ट लावतो आणि गाडी गप्प होते. १ जुलै २०१९ पासून देशात तयार होणाऱ्या मोटारींत पुढच्या दोन्ही सीटसाठी ही आठवण करून देणारी यंत्रणा सक्तीची झाली. तेव्हापासून असा फणस, तांदळाची पिशवी किंवा ऑफिसची जड बॅग बऱ्याच जणांनी बेल्टने बांधली असेल.

सीटच्या कापडाखाली पातळ पट्टी असते, तिच्यावर ठरावीक दाब पडला की ती बोलते. त्याच कुळातले सेन्सर आता खुर्चीवरच्या उशीत, बुटाच्या तळव्यात, गादीखाली आणि इस्पितळाच्या खाटेत येऊन बसले आहेत. जाहिरातीतली भाषा मात्र फार मोठी असते. ही उशी तुमची बसण्याची पद्धत ओळखते म्हणे, हा तळवा तुमची चाल वाचतो म्हणे. फणस आणि माणूस यांत गोंधळणारी वस्तू एवढे सगळे कसे ओळखते, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर गोव्यात जरा जास्तच कामाचे आहे, आणि त्याचे कारण पाठदुखीत सापडणार नाही. ते मधुमेहात आहे.

दाब आणि वजन

साठ किलोंची व्यक्ती दोन्ही पायांवर उभी राहिली की तिचे वजन दोन तळव्यांच्या टेकलेल्या भागावर, समजा दोनशे चौरस सेंटिमीटरवर, वाटले जाते. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे तीनशे ग्रॅम. तीच व्यक्ती टाचा उचलून चवड्यांवर उभी राहिली तर वजन साठच राहते, जागा मात्र घटते आणि दाब वाढतो. वजनाला जागेने भागले की दाब मिळतो.

हा दाब मोजायचे एक माप आपल्या ओळखीचे आहे. डॉक्टर रक्तदाब १२०/८० सांगतात, ते पाऱ्याचे मिलिमीटर. इंजिनिअर किलोपास्कल वापरतात. एक किलोपास्कल म्हणजे साधारण साडेसात मिलिमीटर पारा. त्या हिशेबाने साठ किलोंच्या माणसाच्या तळव्याखाली नुसते उभे असताना सरासरी २९ किलोपास्कल, म्हणजे २२० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास दाब असतो. सरासरी हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण तळव्याचा मधला भाग बऱ्याच जणांचा जमिनीला नीट टेकतच नाही आणि टाच मात्र सरासरीच्या कितीतरी वर असते.

सेन्सर पाहतो तो एवढाच आकडा: या ठिपक्यावर, या क्षणी, किती दाब. पाठ वाकडी आहे की सरळ, माणूस दमला आहे की ताजा, हे त्याला काहीही दिसत नाही.

आत नेमके काय असते

सर्वांत स्वस्त आणि सर्रास वापरला जाणारा प्रकार कार्बनचा. प्लास्टिकच्या किंवा रबराच्या पातळ पापुद्र्यात कार्बनचे बारीक कण मिसळलेले असतात. संध्याकाळी पणजीहून फोंड्याला जाणारी खच्चून भरलेली बस आठवा. मागच्या सीटवरच्याने तिकिटाचे पैसे पुढे दिले की ते हातोहात दारातल्या कंडक्टरपर्यंत पोचतात. बस रिकामी असेल तर हात हाताला लागत नाही आणि पैसे तिथेच राहतात. कार्बनचे कण हे प्रवासी आणि वीज म्हणजे ते पैसे. पापुद्रा दाबला की कण एकमेकांना चिकटतात, वीज सहज पुढे जाते. दाब सुटला की अडते. किती वीज गेली यावरून दाब किती, याचा अंदाज येतो. असा एक ठिपक्याएवढा सेन्सर काहीशे रुपयांत मिळतो, म्हणून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत तो हमखास दिसतो.

दुसऱ्या प्रकारात धातूच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये मऊ थर असतो. दाबल्यावर पत्रे जवळ येतात आणि त्यांची विद्युतभार साठवण्याची क्षमता बदलते. हा महाग, पण जास्त भरवशाचा. पायाचे दाब मोजणाऱ्या वैद्यकीय उपकरणांत तो वापरतात. तिसरा प्रकार स्वयंपाकघरात आहेच: गॅसचा खटका मारायचा लायटर. काही स्फटिकांना दाबले की ते स्वतःच वीज निर्माण करतात, हे पिएर आणि जाक या क्युरी बंधूंनी १८८० साली दाखवले. पण हा स्फटिक फक्त बदलाला दाद देतो. पाऊल पडले की बोलतो, माणूस तसाच उभा राहिला की गप्प. म्हणून गादीखाली ठेवून हृदयाचे ठोके आणि श्वास टिपायला तो उत्तम. हृदय रक्त ढकलते तेव्हा सबंध शरीराला बारीक हिसका बसतो, तो त्याला कळतो. कोणी तीन तास एकाच कुशीवर झोपले आहे, हे कळायला मात्र तो निकामी. चौथा प्रकार मासळी बाजारातल्या डिजिटल काट्यातला: धातू किंचित ताणला की त्याचा विजेला होणारा विरोध बदलतो. लॉर्ड केल्विन यांनी हे १८५६ मध्येच नोंदवले होते.

विजेचा झटका बसेल का, असे बुटातल्या सेन्सरबद्दल कोणी विचारते. नाही. यात मोबाइलच्या चार्जरपेक्षाही कमी वीज खेळते.

ठिपक्यांचा नकाशा, मग अंदाज

एक सेन्सर फणस पकडतो. माणूस ओळखायला अनेक लागतात. बत्तीस आडव्या आणि बत्तीस उभ्या पट्ट्या एकमेकींवर टाकल्या की १०२४ छेद तयार होतात आणि प्रत्येक छेद एक ठिपका. अशी चटई खुर्चीवर अंथरली की संगणकाच्या पडद्यावर रंगीत नकाशा उमटतो: जास्त दाब लाल, कमी निळा.

नीट बसलेल्या माणसाच्या नकाशात दोन लाल डाग दिसतात. ती बैठकीची हाडे. पायावर पाय टाकला की एका बाजूचा डाग गडद होतो. पुढे झुकलो की भार मांड्यांकडे सरकतो आणि पाठीमागची चटई रिकामी पडते. संगणकाला आधी बऱ्याच जणांचे असे नकाशे, ‘हा पुढे झुकला आहे’, ‘हा डावीकडे कलला आहे’ अशी नावे लावून दाखवतात. मग नवा नकाशा आला की तो सर्वांत जवळचे नाव सांगतो. उपकरण माझी बसण्याची पद्धत ‘ओळखते’ असे जाहिरातीत म्हणतात, त्याचा अर्थ इतकाच.

आता यातली गोम बघा. मान खाली घालून मोबाइलमध्ये बघणाऱ्याचे आणि मान ताठ ठेवून बसलेल्याचे बुडाखालचे नकाशे जवळजवळ सारखे येऊ शकतात. मानेचा ताण उशीला कळणार कुठून? शिवाय ज्या बसण्याची उदाहरणे दाखवलीच नाहीत, ते बसणे त्या संगणकाच्या जगात नसते. आपल्याकडे खुर्चीवरही मांडी घालून बसणारे काय कमी आहेत! त्यांच्या घोट्याखालचा लाल डाग बघून बिचारे यंत्र काहीतरी भलतेच नाव ठोकून देईल.

चालण्याच्या बाबतीत मात्र नकाशा फार बोलका असतो. आधी टाच टेकते, भार तळव्याच्या बाहेरच्या कडेने चवड्यावर येतो आणि शेवटी अंगठ्यावरून पाय उचलतो. एका पायाच्या पूर्ण फेरीत साधारण ६० टक्के वेळ तो जमिनीवर आणि ४० टक्के हवेत असतो. एक पाय दुखत असेल तर त्याचा जमिनीवरचा वेळ घटतो, माणसाने कितीही लपवले तरी. फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे यांनी १८७०च्या दशकात बुटाच्या तळव्यात हवेची पोकळी बसवली, रबरी नळीने ती फिरत्या नळकांड्यावरच्या लेखणीला जोडली आणि चालणाऱ्या माणसाची पावले कागदावर उमटवली. त्यात विजेचा संबंधही नव्हता.

उभ्या माणसाचे काय? आपण स्थिर उभे आहोत असे आपल्याला वाटते, पण शरीर सतत बारीक झुलत असते. सगळ्या ठिपक्यांवरचा दाब एकत्र धरून त्याचा एक मध्यबिंदू काढता येतो. त्याला दाबकेंद्र म्हणू. हे केंद्र किती आणि किती वेगाने हिंडते, यावरून तोल कसा आहे हे समजते. डोळे मिटून पाय जुळवून उभे राहायला सांगणारी जुनी रोंबर्ग चाचणी डॉक्टर आजही करतात. तीच गोष्ट इथे आकड्यांत मिळते. २००७ मध्ये निन्टेंडोने खेळासाठी काढलेल्या वी बॅलन्स बोर्डमध्ये चार कोपऱ्यांत चार सेन्सर होते, आणि संशोधकांनी ती स्वस्त फळी तोल मोजायला वापरून पाहिली तेव्हा ती प्रयोगशाळेतल्या महाग यंत्राच्या बऱ्यापैकी जवळ जाणारी निघाली. २०११च्या जनगणनेत गोव्यातले साठीपुढचे लोक ११ टक्क्यांच्या वर होते. पावसाळ्यातल्या ओल्या लाद्यांवर घसरून मोडलेला खुबा ज्या घराने पाहिला आहे, त्याला तोल मोजण्याचे महत्त्व सांगावे लागत नाही.

जाता जाता: मनगटावरचे घड्याळ ‘आज पाच मजले चढलात’ म्हणते, तेही दाबाच्याच सेन्सरमुळे, पण तो दाब हवेचा. दर साडेआठ मीटर उंचीला हवेचा दाब जवळपास एक हेक्टोपास्कलने, म्हणजे किलोपास्कलच्या दहाव्या भागाने, घटतो. एका मजल्याला त्याचा तिसरा हिस्सा. पणजीत आल्तिनोची टेकडी चढताना घड्याळ त्यावरून आणि पावलांवरून मजले मोजते.

“सरळ बस” हे आजीही सांगायची, मग सेन्सर कशाला?

इथे आजी आणि उशी विकणारे दोघेही थोडे घाईत आहेत. एकच एक ‘योग्य’ बैठक असते आणि ती मोडली की पाठ दुखते, याला भक्कम पुरावा नाही. पाठदुखीची कारणे अनेक असतात. झोप, ताण, व्यायामाचा अभाव, जुनी दुखापत. वाकून बसणाऱ्या कित्येकांची पाठ कधीच दुखत नाही आणि ताठ बसणाऱ्यांची दुखते. म्हणून थोडे वाकल्याबरोबर थरथरणारी उशी मला फारशी पटत नाही.

पण त्याच चटईने दाखवलेली दुसरी एक गोष्ट पटते. कठीण खुर्चीवर बसल्यावर बैठकीच्या हाडांखालचा दाब १०० मिलिमीटर पाऱ्याच्या वर सहज जातो. १९३० साली युजीन लँडिस यांनी नखाच्या कडेच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतला दाब मोजला, तो सुमारे ३२ मिलिमीटर आला. बाहेरून त्याहून जास्त दाब पडला की तिथले रक्त अडू शकते. हा आकडा सर्वांना सरसकट लागू होणारी लक्ष्मणरेषा नाही, पण कल्पना यायला पुरे. मग तासन्‌तास बसून आपल्या बुडाला जखमा का होत नाहीत? कारण आपण नकळत चुळबुळ करतो. रक्त अडले की त्या जागी टोचते, आणि डोक्यापर्यंत विचार पोचायच्या आत आपण कूस बदललेली असते. शाळेत मास्तर जिच्याबद्दल ओरडायचे ती ही चुळबुळ.

जिथे ही जाणीवच गेलेली असते

कण्याला इजा होऊन कमरेखालची संवेदना गेलेल्या माणसाला टोचत नाही. खाटेला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला टोचले तरी कूस बदलता येत नाही. मग माकडहाडावर, टाचांवर, खुब्यावर बेडसोर होतात. म्हणून अंथरुणाला खिळलेल्यांना ठरावीक वेळाने, बहुधा दर दोन तासांनी, कुशीवर वळवतात, आणि चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला दर पंधरा ते तीस मिनिटांनी अंग उचलायला शिकवतात. खाटेवरची दाबाची चटई कोणत्या जागेवर भार किती वेळ टिकून आहे हे दाखवते. इथे तिची किंमत वसूल होते.

आणि गोव्याचा प्रश्न पायाचा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, देशव्यापी मधुमेह पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. वीस वर्षांवरील लोकांत मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के, तर गोव्यात २६.४ टक्के. सर्व राज्यांत सर्वांत जास्त. चौघांत एकाहून अधिक.

वर्षानुवर्षे साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा मरगळतात. आधी मुंग्या, मग बधिरपणा. चवड्याखाली एकाच जागी दाब पडत राहतो, तिथे घट्टा पडतो. घट्टा स्वतःच कठीण असल्यामुळे दाब आणखी वाढवतो, त्याच्या आत रक्त साकळते आणि एक दिवस तो फुटतो. दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो. एप्रिलच्या दुपारी मंगेशीला किंवा रामनाथीला अनवाणी प्रदक्षिणा घालताना आपण तापलेल्या फरशीवरून पावले भराभर उचलतो. बधिर पायाचा माणूस शांतपणे चालतो आणि घरी गेल्यावर तळव्याला फोड दिसतात.

मधुमेही पायाच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत याच्यासाठी एक आकडा आहे. पूर्वी जखम होऊन गेलेल्या पायाला चप्पल अशी असावी की चालताना आतला सर्वाधिक दाब २०० किलोपास्कलच्या खाली राहील, किंवा निदान ३० टक्क्यांनी उतरेल. २०० किलोपास्कल म्हणजे करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर दोन किलो. चपलेत सेन्सरचा पातळ तळवा घालून चालवले, लाल डाग कुठे येतो ते पाहिले, तिथला रबर खरवडून किंवा मऊ थर लावून पुन्हा चालवले, असे करत हा आकडा गाठता येतो. डोळ्यांनी बघून हे जमत नाही.

मग प्रत्येक मधुमेहीने असा तळवा घ्यावा?

हा प्रश्न पॉल ब्रँड यांच्या गोष्टीशिवाय सुटत नाही. हे सर्जन १९४६ पासून वेल्लूरला कुष्ठरुग्णांवर काम करत होते. कुष्ठरोगात बोटे ‘झडतात’ असा समज होता. ब्रँड यांनी दाखवले की वेदना कळत नसल्यामुळे होणाऱ्या भाजण्या-कापण्याने आणि दाबाने ती जातात. पुढे अमेरिकेत त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह कृत्रिम वेदना बनवायचा घाट घातला: हातमोज्यांत आणि मोज्यांत दाबाचे सेन्सर, दाब वाढला की कानात शिटी. रुग्णांनी शिटीकडे काणाडोळा केला. मग शिटीऐवजी विजेचा चटका ठेवला. तर हातातले काम उरकेपर्यंत रुग्ण यंत्र बंद करत आणि नंतर पुन्हा चालू करत. खऱ्या वेदनेला बंद करायचे बटण नसते, हे ब्रँड यांच्या लक्षात आले आणि तो प्रकल्प त्यांनी सोडला.

आजचे तळवे त्या काळापेक्षा हलके आणि हुशार आहेत, पण ती अडचण तशीच आहे. मोबाइलवरची सूचना बोटाने बाजूला सारायला अर्धा सेकंद लागतो. म्हणून सेन्सरचा खरा उपयोग मला दवाखान्यात, चप्पल घडवताना, जाणत्या माणसाच्या हाती दिसतो. घरी त्याचा उपयोग होतो तो मागे कोणीतरी लक्ष ठेवणारे असेल तर.

आकडे कितपत खरे

स्वस्त कार्बनच्या सेन्सरचे आकडे जरा हात राखूनच घ्यावेत. एकाच कारखान्यातले दोन सेन्सर सारख्या दाबाला वेगळे आकडे दाखवतात. बराच वेळ दाबून ठेवला की दाब न बदलताही आकडा सरकत जातो. दाब चढताना एक आकडा आणि तोच दाब उतरताना दुसरा, असेही होते. बुटातली ऊब आणि घाम यांनी आणखी फरक पडतो. जुलैत आपल्याकडे जोडे कधी पुरते सुकतात का? म्हणून ‘डाव्यापेक्षा उजवीकडे जास्त’, ‘काल होता त्यापेक्षा आज जास्त’ अशी तुलना करायला ते चालतात, पण ‘नेमके २१३ किलोपास्कल’ असे कोणी त्यांच्या जोरावर सांगितले तर मान डोलावू नये.

आणखी एक मर्यादा कमी सांगितली जाते. बहुतेक सेन्सर सरळ खाली पडणारा दाब मोजतात. कातडी आडवी ओढली जाते, घसटते, ते त्यांना दिसत नाही. नव्या चपलेने आलेला फोड हा त्या घसटीचाच असतो आणि बेडसोरमध्येही खाटेवरून खाली घसरणाऱ्या अंगाचा मोठा वाटा असतो. नकाशा निळाशार दिसला म्हणून कातडी सुरक्षित, असे होत नाही.

गादीला माझ्याबद्दल काय काय कळते?

कॅमेऱ्यापेक्षा चटई बरी, यात वाद नाही. आजीच्या खोलीत कॅमेरा लावण्यापेक्षा खाटेखाली पट्टी लावणे तिच्या मानाला धरून आहे. पण चटई अगदीच भाबडीही नसते. टोकियोतल्या एका तंत्रसंस्थेतल्या संशोधकांनी मोटारीच्या सीटमध्ये ३६० सेन्सर बसवून बसणाऱ्याच्या बुडाच्या ठशावरून चालक ओळखून दाखवला, प्रयोगात ९८ टक्के अचूकतेने. म्हणजे ठसा बोटाचाच असावा लागतो असे नाही. गादी कधी झोपलात, किती वेळा उठलात, खाटेवर एक माणूस होता की दोन, हे सगळे नोंदवू शकते. ही माहिती फोनमधून कंपनीच्या संगणकावर जाते का, हे विकत घेताना विचारायला हवे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याप्रमाणे तुमची संमती लागते, पण अॅपमधले ‘मान्य आहे’ हे बटण आपण न वाचताच दाबतो, हे कंपन्यांनाही माहीत आहे.

घरात काय करावे

पाय बधिर झाला आहे की नाही, हे तपासायला सेन्सर लागत नाही. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून ‘कळते का’ असे विचारतात. दोन मिनिटांची, जवळजवळ फुकट चाचणी. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, जा नाहीतर गावच्या आरोग्य केंद्रात, मधुमेहासाठी दाखवायला गेलात की ही चाचणी करता का म्हणून विचारा. आपण होऊन कोणी मोजे काढायला सांगत नसेल तर स्वतःच काढा. धागा कळला नाही तर मऊ सूक्ष्मछिद्री रबराची चप्पल, जिला एमसीआर चप्पल म्हणतात, ती वापरायची, घालण्यापूर्वी आत खडा नाही ना हे हाताने चाचपायचे, रोज रात्री आरशात तळवा बघायचा, आणि देवळात भर दुपारी जायचेच तर जाड सुती मोजे चालतील का ते विचारायचे.

त्यानंतरही कोणी सेन्सरचा तळवा विकायला आला तर दोनच प्रश्न विचारा. लाल डाग दिसला तर मी नेमके काय करायचे? आणि तो डाग माझ्याशिवाय कोण बघणार आहे? दुसऱ्याचे उत्तर ‘अॅप’ असे आले, तर ते पैसे आणखी एका एमसीआर जोडीवर घालावेत. एक अंगणात, एक घरात, कारण आपले निम्मे चालणे घरात अनवाणीच होते.